‘मला खाली बसता येईल का?’ : खुब्याच्या एका शस्त्रक्रियेचं प्रकरण

ही हकीकत पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयातली. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णालयाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तिथले डॉक्टर कामाला चोख होते, आणि जे काही बिनसलं ते उपचारांत बिनसलं नव्हतं.

पार्श्वभूमी

आक्का ७१ वर्षांच्या. जुन्नर तालुक्यात स्वतःचं घर, थोडी शेती, मागे चूल, पुढे ओसरी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा दत्ता चाकणच्या एका कंपनीत, मुलगी सुरेखा गावाजवळच अंगणवाडी सेविका. आक्कांना कानाने कमी ऐकू येतं, पण डोकं लख्ख. दूध कुणी किती घातलं याचा महिन्याचा हिशोब तोंडपाठ. दहा वर्षांपासून बीपीची एकच गोळी सुरू होती.

दत्ताकडे चार दिवस राहायला आल्या असताना सोमवारी रात्री त्या बाथरूममध्ये घसरल्या. उठता येईना, उजवा पाय आखूड दिसायला लागला आणि बाहेरच्या बाजूला वळला. शेजाऱ्याच्या गाडीतून जवळच्या रुग्णालयात नेलं. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाची मान मोडून जागेवरून सरकलेली दिसली, म्हणजे बोलीत ज्याला खुबा मोडला म्हणतात ते. रक्ताच्या तपासणीत सोडियम १२२ आलं. ते साधारण १३५ ते १४५ असतं. त्यामुळे त्या रात्री आक्का गुंगीत होत्या, मधूनच भलतंच बोलत होत्या.

रात्री साडेअकरा ते साडेबारा या एका तासात दत्ताने चार गोष्टी केल्या. ३०,००० रुपये डिपॉझिट भरलं. सोबत बहिणीला राहता यावं म्हणून स्वतंत्र खोली मागितली. काउंटरवर खर्चाचं विचारलं, तर ‘दीड लाखाच्या आसपास’ असं तोंडी उत्तर मिळालं. आणि पुढे सरकवलेल्या कागदांवर पाच-सहा ठिकाणी सह्या केल्या. त्यातला एक कागद शस्त्रक्रियेच्या संमतीचा होता. तो इंग्रजीत होता, आणि ‘कोणती शस्त्रक्रिया’ या शब्दांपुढची रेघ कोरी होती.

अडचण कुठे सुरू झाली

मंगळवारी सकाळी ऑपरेशन, असं सांगितलं होतं. आक्कांना रात्रीपासून उपाशी ठेवलं. दहा वाजता सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, ‘आज होणार नाही, फिटनेस नाही.’ कशाचा फिटनेस, कधी होणार, हे सांगायला कुणी नाही. आक्का आयसीयूत, दाराबाहेर दत्ता आणि सुरेखा. दुपारी गावाहून चार माणसं आली, आणि त्यांतल्या एकाने हमखास ऐकू येणारं वाक्य म्हटलं: ‘बिल वाढवायला ठेवलंय, दुसरं काय.’

मंगळवारी संध्याकाळी दत्ताचा मला फोन आला. रुग्णालयाचे कागद, विमा, अर्ज यांत नातेवाइकांना मदत करायचं काम मी करते. फोनवरचा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, आत्ताच्या आत्ता हलवता येईल का?’

समोर असलेले पर्याय

हलवण्याचा पर्याय खरा होता. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेता येतं. तसं लिहून द्यावं लागतं, झालेलं बिल भरावं लागतं, आणि पुढची जबाबदारी आपली. ससूनला नेता आलं असतं. एखाद्या धर्मादाय रुग्णालयातही नेता आलं असतं. तिथे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, पण दत्ताचा पगार धरता तो त्या उत्पन्नाच्या अटीत बसत नव्हता. शिवाय मोडलेल्या खुब्याचं माणूस रुग्णवाहिकेत चढवायचं-उतरवायचं म्हणजे प्रत्येक हिसक्याला कळ. आणि सोडियम १२२ असताना कुठलाही भूलतज्ज्ञ तिथेही थांबाच म्हणणार.

दुसरा पर्याय गावकऱ्यांच्या आवडीचा: सगळे मिळून काउंटरवर जायचं. त्याने अर्धा तास बरं वाटतं.

तिसरा, इथेच ठेवून बाहेरच्या हाडांच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्यायचं. त्यासाठी एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट हातात हवेत. ते मागितल्यावर वॉर्डमधून नेहमीचं उत्तर आलं होतं, ‘डिस्चार्जच्या वेळी मिळतील.’

इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण लोक बऱ्याचदा चुकीच्या कागदाचा हवाला देतात. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, तक्रारीसाठी यंत्रणा ठेवायची, हे त्या नियमांत आहे. पुणे शहरात त्याची अंमलबजावणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये तिच्यावर आधारलेली सनद केंद्राने राज्यांना पाठवली. ती सनद स्वतः कायदा नाही, पण तिच्यातले बरेचसे हक्क आधीच्या कायद्यांत आणि निकालांत सापडतात. कागदपत्रांचंच घ्या: रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. रुग्ण दाखल असताना शक्यतो २४ तासांत द्यावं, असं सनद म्हणते.

निर्णयाची पहिली जागा: मंगळवार रात्र

आम्ही तिसरा पर्याय घेतला. दत्ताला दोन ओळींचा अर्ज लिहायला सांगितला: रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, ‘दुसरं वैद्यकीय मत घ्यायचं असल्याने आजवरच्या तपासण्यांच्या प्रती मिळाव्यात’, तारीख, वेळ. कायद्याचं कलम घालू नको असं बजावलं. पहिल्याच अर्जात कलम दिसलं की तो वॉर्डमधून थेट व्यवस्थापनाच्या टेबलावर जातो आणि मग प्रत्येक जण तोलूनमापून बोलायला लागतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आरएमओंची, म्हणजे ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांची, पोच घेतली. पाऊण तासात रिपोर्टच्या प्रती मिळाल्या, एक्स-रेची सीडी मिळाली. आरएमओ मुलगी पंचविशीची असेल. ती म्हणाली, ‘आधी मागितलं असतं तर आधीच दिलं असतं.’ आधीही मागितलं होतंच, पण वॉर्डमधल्या मामांकडे.

सुरेखाच्या ओळखीतले एक हाडांचे डॉक्टर नारायणगावला आहेत. त्यांना मोबाइलवर सगळं पाठवलं. त्यांनी एक्स-रे पाहून सांगितलं की ऑपरेशन लागणारच, आणि मग विचारलं, ‘बीपीची गोळी कुठली?’ सुरेखाने पाकिटाचा फोटो पाठवला. गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. म्हाताऱ्या माणसांत अशा गोळीने सोडियम उतरतं. कदाचित चक्कर येऊन पडण्याचं कारणही तेच. आणि ते हळूहळूच वर आणावं लागतं, कारण घाईने चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन दिवस थांबणं बरोबर आहे, असं त्यांचं मत पडलं.

बुधवारी सकाळी फाइल पाहिली तेव्हा कळलं की इथल्या फिजिशियननी ती गोळी सोमवारी रात्रीच बंद केली होती, कारणासकट नोंद होती. म्हणजे उपचार वेळेवर झाले होते, फक्त दाराबाहेर बसलेल्या दोघांपर्यंत ते कुणी पोचवलं नव्हतं. ‘बिल वाढवायला ठेवलंय’ या वाक्याला चोवीस तास मोकळं रान मिळालं ते एवढ्यामुळे.

निर्णयाची दुसरी जागा: सही कुणाची?

बुधवारी दुपारी सोडियम १२९ वर आलं, संध्याकाळी १३१. आक्का पूर्ण शुद्धीवर आल्या, खोलीत हलवल्या गेल्या. गुरुवारी दुपारी ऑपरेशन ठरलं. सर्जननी दत्ताला बाहेर बोलावून मोडलेल्या हाडाचा गोळा काढून कृत्रिम बसवायचा, त्याचे प्रकार कोणते, फरक किती, हे दहा मिनिटं नीट समजावलं. मीही शेजारी उभी होते. दत्ताने मला विचारलं, मी दोन प्रश्न सर्जनना विचारले, सगळं समाधानकारक झालं. आम्ही खोलीत आलो तर आक्कांनी सुरेखाला हाताने खूण करून जवळ बोलावलं.

‘काय म्हणतोय त्यो डाक्टर?’

सुरेखा म्हणाली, ‘उद्या आपरेशन आहे आई. बरं वाटेल.’

‘त्ये ठाव हाय. मला खाली बसता यील का?’

घरच्यांपैकी कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण ते सांगायचं काम माझं नव्हतं. तीन दिवसांत आम्ही खर्च विचारला, सोडियम विचारलं, खोली, विमा, गोळ्याची कंपनी विचारली. ज्या बाईच्या शरीरात तो गोळा बसणार होता, तिला तो बसणार आहे एवढंही कुणी धड सांगितलेलं नव्हतं. ऐकू कमी येतं म्हणून डॉक्टर मुलाशी बोलत होते, आणि मुलगा मोठ्या आवाजात ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होता. मी वेगळं काही करत नव्हते. माझ्या वहीत मंगळवारपासूनच्या नोंदी होत्या आणि त्यात आक्कांचं म्हणणं म्हणून एक ओळ नव्हती.

सोमवारच्या रात्रीची दत्ताची सही मी पूर्णपणे चूक म्हणणार नाही. आक्का गुंगीत होत्या, तातडीच्या उपचारांसाठी जवळच्या माणसाची सही घेणं समजण्यासारखं आहे. पण ऑपरेशन त्या रात्री होणार नव्हतं. बुधवारी रुग्ण शुद्धीवर आहे, समजून घेऊ शकते, स्वतः प्रश्न विचारते आहे. मग मुलाची सही तिच्या जागी चालत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात हेच सांगितलं. तिथे रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं की रुग्ण सज्ञान आहे, तातडीचा प्रसंग नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आईची संमती ही तिची संमती नव्हे. संमतीआधी काय सांगायचं तेही त्या निकालात आहे: काय करणार, कशासाठी, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते, आणि काहीच नाही केलं तर काय होईल.

आमच्यापुढे दोन रस्ते होते. कोऱ्या रेघेचा फॉर्म हातात धरून तक्रार करायची, किंवा सर्जनना परत बोलवायचं. तक्रार करण्याजोगं होतंच. पण गुरुवारचं ऑपरेशन पुढे गेलं असतं तर नुकसान आक्कांचंच होतं. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावं असं मानतात आणि ती मुदत तशीही उलटायला आली होती. मी सिस्टरना एवढंच म्हटलं, ‘पेशंटला स्वतः बोलायचंय, आणि फॉर्म मराठीत मिळेल का?’ सिस्टरनी ड्रॉवर उघडला. मराठी फॉर्मचा गठ्ठा होता, वरचा कागद पिवळा पडलेला.

सर्जन रात्री साडेआठला आले. स्टूल ओढून आक्कांच्या उजव्या कानाशी बसले, त्या कानाने जरा बरं ऐकू येतं हे सुरेखाने सांगितलं होतं. मोबाइलवर एक्स-रे दाखवला. ‘आजी, हा गोळा मोडलाय. त्याचं रक्त तुटलंय. स्क्रू मारून तो जुळेल असं नाही, तुमच्या वयात बहुतेक नाहीच जुळत. म्हणून काढून दुसरा बसवतो.’

‘नाही बसवला तर?’

‘तर पडून राहायचं. पाठीला जखमा होतात, छातीत कफ होतो.’

‘आन बसवला तर खाली बसायचं?’

‘नाही आजी. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. गोळा निखळतो. संडासला खुर्चीसारखं लागेल.’

आक्का गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजे चुलीम्होरं उभं राहून भाकरी थापू?’

सर्जन हसले, पण उत्तर त्यांनी नीट दिलं. ओटा करून घ्या, उंच स्टुलावर बसा. धोकेही सांगितले: जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत गुठळी, भुलीचा धोका, पाय थोडा लांब-आखूड होणं. आक्कांनी विचारलं की दुसऱ्या प्रकारच्या गोळ्याने तरी खाली बसता येईल का. तर त्यानेही बसायला सांगत नाहीत. एवढं झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग करा. पन घरी गेल्यावर वटा आधी, मग बाकीचं.’

वॉर्डमधल्या मावशींनी सवयीने शाईचा पॅड पुढे केला. आक्कांनी तो बाजूला सारला आणि पेन मागितलं. त्या प्रौढ साक्षरता वर्गात सही शिकल्या आहेत. झोपल्या झोपल्या, फाइल छातीवर धरून, एकेक अक्षर कोरत सही पूर्ण व्हायला मिनिटभर लागलं. कोऱ्या रेघेवर या वेळी ‘उजव्या खुब्याची बायपोलर हेमिआर्थ्रोप्लास्टी’ असं देवनागरीत लिहिलेलं होतं. दत्ताची सही खाली, साक्षीदार म्हणून.

ऑपरेशन आणि मधले दिवस

गुरुवारी ऑपरेशन नीट झालं. शुक्रवारी फिजिओथेरपिस्टने वॉकरने उभं केलं.

औषधांवरून एक छोटी कुरबुर झाली. दोन इंजेक्शनं बाहेरच्या दुकानात बरीच स्वस्त मिळत होती, आणि आतल्या दुकानातूनच घ्या असा आग्रह चालला होता. औषध आणि तपासणी कुठून घ्यायची ते निवडण्याचा हक्क सनदेत आहे. पण दत्ताने ते ताणलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. वाचणारी रक्कम आठ-नऊशे होती, आणि सगळ्या हक्कांसाठी एकाच आठवड्यात भांडायला माणसाच्या अंगात तेवढं बळ नसतं.

एक शंका मात्र आमची चुकीची ठरली, तीही लिहायला हवी. बिलात इम्प्लांटचे ४८,००० होते आणि फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर दिसत नव्हतं. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या डब्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांकाची स्टिकरं असतात. त्यातलं एक ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवतात आणि एक रुग्णाला द्यायला हवं. आम्हाला वाटलं, स्वस्तातला बसवून महागाचं बिल लावलं. विचारल्यावर ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरनी नोंदीचं पान काढून दाखवलं. स्टिकर होतं, बिलाशी जुळत होतं. त्याची झेरॉक्स आता आक्कांच्या घरच्या फाइलमध्ये आहे. पुढेमागे गोळ्यात काही बिघडलं तर डॉक्टर पहिलं तेच मागतील.

निर्णयाची तिसरी जागा: सोमवार, डिस्चार्ज

एकूण बिल २,२९,५०० रुपये. खोली ४,५०० रुपयांप्रमाणे पाच दिवस, आयसीयू दोन दिवस १२,०००, सर्जन-भूलतज्ज्ञ-ओटी ७२,०००, व्हिजिट आणि नर्सिंग १६,५००, इम्प्लांट ४८,०००, औषधं आणि कंझ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू) ४१,०००, तपासण्या १७,५००.

दत्ताच्या कंपनीच्या गट विम्यात आई-वडिलांना तीन लाखांचं संरक्षण. त्यात खोलीभाड्याला रोज एक टक्का, म्हणजे ३,००० ची मर्यादा. सोमवारी रात्री ४,५०० ची खोली घेताना ही अट कुणी सांगितली नाही आणि त्यानेही विचारली नाही. लोकांना वाटतं की फार तर दीड हजाराचा रोजचा फरक भरावा लागेल. तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की डॉक्टरांची फी, ओटी, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, कारण ही रुग्णालयं खोलीच्या दर्जाप्रमाणे या दरांतही फरक करतात. इथे ४,५०० पैकी ३,००० मान्य, म्हणजे एक तृतीयांश कपात.

दुपारी साडेतीनला टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, मंजुरी आली: १,४९,०००. हातमोजे वगैरे विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंचे ६,००० वगळून उरलेल्या सगळ्या बिलातून सरसकट एक तृतीयांश, म्हणजे ७४,५०० कापले होते. डिपॉझिट वजा जाता दत्ताने ५०,५०० भरायचे.

सरसकट हा शब्द इथे महत्त्वाचा. विमा नियामकाने २०२० मध्येच ठरवून दिलं आहे की औषधं-कंझ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. गोळा तीन हजारांच्या खोलीतल्या पेशंटला आणि साडेचार हजारांच्या खोलीतल्या पेशंटला एकाच भावाने पडतो. कपात फक्त खोली (७,५००), ओटी आणि सर्जनची फी (२४,०००) आणि व्हिजिट-नर्सिंग (५,५००) यांवर बसायला हवी होती, म्हणजे ३७,०००. त्यात न मिळणारे ६,००० मिळवले की दत्ताच्या वाट्याचे ४३,०००, आणि डिपॉझिट जाता फक्त १३,०००. तफावत ३७,५०० ची.

टीपीए डेस्कवरचा मुलगा भला होता. त्याने चार वाजता हा हिशोब लिहून फेरविचारासाठी पाठवला. सात वाजले तरी उत्तर नाही. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. ती पहिली मंजुरी वेळेत आली होती, चुकीची का असेना. बिलिंग काउंटरचं म्हणणं सरळ होतं: फरक भरा, गेटपास घ्या.

बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. सनदेत ते स्पष्ट आहे आणि न्यायालयांनीही वेळोवेळी सांगितलं आहे. मी ते काउंटरवर शांतपणे म्हटलं. मॅनेजर आले. तेही शांत होते. ‘मॅडम, अडवत कुणीच नाही. पण उद्या विमा कंपनीने दिले नाहीत तर मी कुणाकडे मागू?’ प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. रुग्णालयाला वसुलीचा कायदेशीर मार्ग मोकळा असतो, पण त्याला वर्षं लागतात हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

आक्का पाच वाजल्यापासून लुगडं नेसून व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या. नव्या गोळ्याचा पाय लोंबकळता, घोटा सुजायला लागलेला. महापालिकेकडे तक्रार करायची म्हटलं तर ऑफिस बंद. सगळे ५०,५०० ‘निषेध नोंदवून’ भरायचे आणि नंतर विमा कंपनीकडून परत मागायचे, हा एक मार्ग. त्यासाठी दत्ताला तेवढ्या रात्री कुणाकडे तरी हात पसरावे लागले असते. शेवटी १३,००० भरले, उरलेल्या ३७,५०० साठी लेखी हमी दिली आणि सोबत दत्ताने पुढच्या तारखेचा चेक दिला. चेक देणं मला पटलं नव्हतं. हक्काच्या भाषेत बोलायचं तर त्याची गरज नव्हती, आणि चेक न वटल्यास वेगळं फौजदारी लफडं मागे लागतं. मी तसं म्हटलंही. दत्ताने आईच्या पायाकडे पाहिलं आणि सही केली. साडेआठला ते निघाले.

निष्पत्ती

विमा कंपनीच्या तक्रार विभागाला कपातीचा तक्ता आणि २०२० च्या नियमाचा उल्लेख असं एक पानी पत्र गेलं. तिसऱ्या आठवड्यात ३७,५०० थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा झाले आणि चेक परत मिळाला. उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आणि त्यापुढे विमा लोकपाल होती. ती वेळ आली नाही.

कोऱ्या संमतीपत्राबद्दल दत्ताने रुग्णालयाला एक पत्र दिलं. तक्रार म्हणून नको, सूचना म्हणून दे, असं त्यालाच वाटलं. ‘दखल घेतली आहे’ असं दोन ओळींचं उत्तर आलं.

काय वेगळं करता आलं असतं

रुग्णालयाच्या बाजूने बघितलं तर मंगळवारी सकाळी दहाची पाच मिनिटं. सोडियम कमी आहे, म्हणून भूल देता येत नाही, दोन दिवस लागतील, एवढी तीन वाक्यं दाराबाहेर येऊन सांगितली असती तर त्यांच्याच आरएमओचे पुढचे दोन तास वाचले असते.

दत्ताच्या बाजूने, सोमवारी रात्री खोली घेण्याआधी टीपीए डेस्कला किंवा कंपनीच्या एचआरला एक प्रश्न: माझ्या पॉलिसीत खोलीला मर्यादा किती? ३,००० ची सेमी-प्रायव्हेट खोली रिकामी होती. ती घेतली असती तर ३७,००० ची कायदेशीर कपातही झाली नसती, वाद तर सोडाच. खर्चाचा अंदाजही लेखी मागायला हवा होता. ‘दीड लाखाच्या आसपास’ हा आकडा कुणी दिला ते शेवटपर्यंत कुणाला आठवलं नाही. दरपत्रकाचा फलक तिथे होता, लिफ्टच्या मागे. आम्ही तो शनिवारी पाहिला.

माझ्या बाजूने सांगायचं तर, मंगळवारी रात्री मी अर्ज लिहून घेतला तेव्हाच ‘आईला काय माहीत आहे?’ हे विचारायला हवं होतं. त्या रात्री त्या गुंगीत होत्या, पण बुधवारी सकाळपासून नव्हत्या. मी वॉर्डमध्ये तीन तास होते आणि नातेवाइकांच्या प्रश्नांत गुंतले होते. आता पहिल्या फोनला मी पेशंट शुद्धीवर आहे का, त्यांना कोणत्या कानाने ऐकू येतं, त्यांच्याशी कोण बोललं, असे प्रश्न विचारते. फोन करणाऱ्याला ते जरा विचित्र वाटतात.

दिवाळीनंतर नारायणगावला गेले होते तेव्हा आक्कांकडे जाऊन आले. मागच्या पडवीत विटांचा ओटा झालाय, त्यावर चूल चढवलीय, पुढे उंच स्टूल. भाकरी टम्म फुगली होती. ओटा चार बोटं उंच झालाय, गवंड्याने मला न विचारता बांधला, असं त्यांचं म्हणणं होतं. दत्ता म्हणाला, माप मीच दिलं होतं.